ल-ची जागा

शुक्रवार, मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळी दहा. हौदाची तालीम, आतली खोली.

हजर: आमच्या तालमीचे अध्यक्ष आबा. आमच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. चिंचेच्या तालमीचे अध्यक्ष गणपतराव आणि त्यांच्याबरोबर आलेली दोन माणसं, जी शेवटपर्यंत बसली नाहीत. ठाण्यातून आलेले फौजदार. सेक्रेटरी म्हणून मी. आणि उंबऱ्यावर, निम्मे आत निम्मे बाहेर, शिवाप्पा अण्णा. मीटिंगला ते नेहमी तिथंच बसत. "आत बसलं की सही करावी लागतीया," म्हणत.

विषय एकच होता. रविवारी दोन्ही तालमींमध्ये फायनल होती. आणि गुरुवारी सकाळी चिंचेच्या तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर, त्यांच्या वस्तादांच्या तसबिरीखाली, काळ्या रंगात एक ओळ सापडली होती: 'वस्ताद गेला, आता कोण?' वस्तादांनी जन्मभर चिंचेच्या पोरांना गोलपोस्टात उभं राहायला शिकवलं होतं. त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

ओळीखाली सही नव्हती. गरजही नव्हती. अक्षरं अंगठ्यापेक्षा जाड, उजवीकडे झुकलेली, शिरोरेषा जागोजाग तुटलेली. ही अक्षरं कुणाची, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल.

गणपतरावांनी खिशातून रुमालाची गुंडाळी काढली, सोडली आणि आतला पत्रा टेबलावर टाकला. तेलाच्या डब्याचा पत्रा, तळहाताएवढा, मधोमध 'ल' कापलेला, कडेला काळा रंग वाळलेला.

"भिंतीखालच्या गटारीत घावला. कुणाचा?"

आबा माझ्याकडे बघू लागले. मी पत्र्याकडे बघत होते.

"माझा," उंबऱ्यावरून उत्तर आलं.

हा शब्द ज्या आवाजात आला, तो आवाज मला अजून आठवतो. त्यात भीती नव्हती, आणि खरं सांगायचं तर नम्रताही नव्हती. चोरीची सायकल सापडली आणि पोलिसांनी 'कुणाची?' विचारलं, तर मालक ज्या ठसक्यात हात वर करतो, तो ठसका होता.

नम्रता अण्णांच्या स्वभावात कधीच नव्हती. गडहिंग्लजकडचे. कपाळावर भस्म, सदऱ्याच्या आत गळ्यातलं लिंग, चष्म्याला काडीऐवजी सुतळी. घरी बायकोशी कानडी, बाहेर आमच्याशी कोल्हापुरी, आणि चिडले की दोन्ही एकदम. शिरोलीच्या एका फाउंड्रीत माल भरलेल्या पेट्यांवर नावं मारण्याची नोकरी त्यांनी केली. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर कुठं जायचं, वरची बाजू कुठली, हे अण्णांनी कापलेल्या पत्र्यांतून उमटायचं. रिटायर झाले तेव्हा साहेबांनी शाल दिली. ती बघत अण्णा म्हणाले, "साहेब, माझी अक्षरं जर्मनीला जाऊन आल्यात. तुम्ही अजून बेळगावच्या पुढं गेला न्हाईसा." साहेब हसले. ते बिचारे दोनदा जर्मनीला जाऊन आले होते, हे अण्णांना ठाऊक होतं. पण चांगलं वाक्य वाया घालवणं त्यांना जमायचं नाही.

तरुण पोरांना ते तम्मा म्हणत, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. मी त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, तरी मला अक्का. शाळेच्या ऑफिसात दिवसभर मी नोंदी करते आणि संध्याकाळी तालमीत येऊनही नोंदीच करते, म्हणून त्यांना माझी दया यायची. "अक्का, येका यादीतनं उठता आणि दुसऱ्या यादीत बसता. मधी घरी तरी जाता का?"

पत्र्यात अक्षर कापण्याची एक अडचण असते. 'व'चं पोट कापलं की आतला तुकडा सुटून खाली पडतो आणि 'व'च्या जागी नुसतं भोक राहतं. म्हणून आतल्या तुकड्याला धरून ठेवणारी बारीक पट्टी सोडावी लागते. अण्णा तिला जोड म्हणत. शिरोरेषा सलग कापली तर पत्राच दुभंगतो, म्हणून तिलाही जोड. त्यामुळे अण्णांचं कुठलंही अक्षर जवळून तुकड्यातुकड्यांचं दिसे. चार पावलं मागं सरकलं की डोळा आपोआप ते तुकडे सांधायचा. नवीन माणसाला ते मुद्दाम हाताला धरून मागे न्यायचे. "आता बघा पावणं. जुळलं का न्हाई?"

पण तुकडे सगळ्याच पत्र्यांत असतात. अण्णांची खूण म्हणजे तो तिरकेपणा. अक्षरं तिरकी का, याची कारणं ते माणूस बघून देत. फुटबॉलच्या पोरांना सांगत, "सरळ अक्षर हुबं ऱ्हातंय, तिरकं पळतंय." ट्रकवाल्यांना सांगत की तिरकं अक्षर धुळीत कमी मळतं. मला एकदा सांगितलं की पेट्यांच्या थप्प्या उंच असायच्या, मान वाकडी करून वाचणाऱ्या हमालांची सोय म्हणून. शांताक्का, त्यांची बायको, चहा आणता आणता म्हणाली, "कसली सोय? ज्या खाटंवर बसून कापत्यात तिचा येक पाय मोडका हाय." अण्णांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

तालमीतली कुठलीही वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नाही. शिडी, पाण्याची पिंपं, गोलची जाळी ठेवायची पेटी, खुर्च्या, ढोल. एकदा मांडववाल्याच्या ट्रकमधून आमची शिडी चुकून पेठ वडगावला गेली. आम्ही ती गेल्याचं कळायच्या आत तिथला एक हॉटेलवाला ती टेम्पोत घालून परत घेऊन आला. त्याच्या दुकानाची पाटी अण्णांच्या पत्र्यांनी मारलेली होती. अक्षर बघितल्यावर वाचायची गरजच पडली नाही, म्हणाला. त्यानंतर वर्षभर अण्णा प्रत्येकाला ती शिडी दाखवत. वर कुणी चढलेलं असलं तरी.

जर्सीवरचे आकडेही त्यांचेच. जाड, पुढं झुकलेले. पोर नुसतं उभं असलं तरी पाठीवरून धावतंय असं वाटायचं. तिरक्या आकड्यानं माणूस जरा जास्त पळतो, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. टीम हरली की ते खेळाबद्दल बोलत नसत. जर्सी गरम पाण्यात कुणी धुतल्या, याची चौकशी करत.

एवढ्या घमेंडखोर माणसाची एक गोष्ट मात्र मला शेवटपर्यंत उलगडली नाही. ते पत्रे कुणालाही देत.

त्यांच्या दाराबाहेर, गल्लीत, खुंटीला खाकी पिशवी टांगलेली असे. आत सगळी अक्षरं, वेलांट्या आणि मात्रा वेगळ्या पत्र्यांवर, आकडे, आणि रंग मारायला कापडाचा बोळा. ज्याला गरज असेल त्यानं न्यावी, काम झालं की आणून टांगावी. कबनूरचे यंत्रमागवाले कापडाच्या गठ्ठ्यांवर नाव मारायला नेत. पन्हाळ्याचा एक लॉजवाला पार्किंगच्या पाट्यांसाठी नेई. लग्नघरं भांड्यांसाठी. वाटेतली एखादी बाई नुसतीच थांबून विचारायची, "अण्णा, पोराच्या दप्तरावर नाव मारायचंय." अण्णा हातानं पिशवी दाखवत. शिकवत मात्र बजावून: "बोळा पुसायचा न्हाई, ठोकायचा. पुसला की रंग पत्र्याखाली पळतोय."

मी वही ठेवा म्हणाले. कुणी नेली, कधी नेली, परत कधी आली. साधी गोष्ट.

"कशाला?"

"हरवली तर?"

"हरवली तर कापीन की दुसरी."

"आणि कुणी भलतंच काही लिहिलं तर?"

अण्णा माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी भलताच रंग आणलाय. "अक्का, तुम्ही पोरांस्नी अक्षर शिकवता साळंत. कागूद देताना लिवून घेता काय, ह्यावर शिव्या लिवणार न्हाई म्हणून?"

मी म्हणाले की मी शिकवत नाही, ऑफिसात बसते. ते म्हणाले, "तरीच."

त्या गुरुवारी सकाळी भिंतीचा फोटो माझ्या फोनवर आला तेव्हा हे बोलणं मला आठवलं. फोटो तोवर सगळ्या कोल्हापूरभर फिरला होता. आमच्याकडची काही पोरं तो स्टेटसला ठेवून हसत होती. चिंचेकडची हसत नव्हती. दुपारपर्यंत दोन्ही पेठांमधल्या चौकात पोलिसांची गाडी उभी राहिली, आणि संध्याकाळी आमच्या एका पोराची मोटारसायकल हौदाजवळ आडवी पाडून फोडलेली सापडली. मी अण्णांच्या दारात गेले. पिशवी खुंटीवर होती. अण्णा एकेक पत्रा खाटेवर मांडून मोजत होते. ल-ची जागा रिकामी होती.

"कोण घेऊन गेलतं?" मी विचारलं.

"ठावं हाय."

"कोण?"

त्यांनी फोटो मागितला. माझा फोन हातात घेऊन सुतळीचा चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं ते रडतील किंवा चिडतील.

"बोळा पुसलाय," ते म्हणाले. "ठोकला न्हाई. एवढं सांगितलं तरी पुसलाय त्यानं."

तर शुक्रवारची ती खोली, आणि 'माझा' हा शब्द.

फौजदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजोबा, पत्रा तुमचा, हे आम्हालाही माहीत आहे. नेला कुणी, तेवढं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही."

"सांगत न्हाई."

"म्हणजे माहीत नाही?"

"म्हायती हाय. सांगत न्हाई."

आबांनी कपाळाला हात लावला. "अण्णा, जरा दमानं. मॅचचा प्रश्न हाय."

"नाव सांगितलं तर परवा मॅच व्हईल," अण्णा म्हणाले. "आणि तेरवा त्या पोराचा हात मोडलेला असंल."

"हात न्हाई," गणपतरावांच्या मागे उभा असलेला एक जण म्हणाला. "पाय. दोन्ही."

"बघा. हे सरळ बोलत्यात तरी," अण्णा फौजदारांना म्हणाले.

फौजदारांचा समजुतीचा सूर संपला. संध्याकाळपर्यंत नाव आलं नाही तर बंदोबस्त मिळणार नाही, बंदोबस्त नाही तर मॅच नाही, आणि वातावरण बिघडवल्याबद्दल आमच्या टीमच्या चार-पाच पोरांना आत बसवावं लागेल, कोणती ते नंतर बघू. आमचा कॅप्टन ताडकन उठला. चिंचेचे दोघं एक पाऊल पुढं आले. टेबल मधे होतं म्हणून बरं.

"बस, तम्मा," अण्णा कॅप्टनला म्हणाले. मग गणपतरावांकडे वळले. "हे बघा. अक्षरं माझी. पत्रा माझा. पिशवी माझ्या दारातली, आणि दिली बी मीच. हात तेवढा दुसऱ्याचा. तेवढा सोडला तर भिंतीवरचं सगळं माझंच की. मग मलाच करू द्या. उद्या दिवसाढवळ्या येतो, तुमच्या सगळ्या पेठंसमोर पुसतो, आणि त्याच जागी तुमच्या तालमीचं नाव मारतो. माझ्या हातानं."

"आमच्या भिंतीला तुमचा हात लागायचा न्हाई," गणपतराव म्हणाले.

"लागलाय की. तुमच्या गोलकीपरच्या पाठीवरचा येक कुणी मारलाय?"

चिंचेच्या गोलकीपरच्या जर्सीवरचा 'एक' हा आकडा जाड आणि तिरका होता हे आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो होतो, आणि ती त्यांनी केलेली नक्कल असं समजून हसत आलो होतो.

"स्वतः आलतं वस्ताद. माझ्या दारात. जर्सी पिशवीत घालून," अण्णा म्हणाले. "तुमच्या आकड्यानं पोरं जितकी पळत्यात, तितका माझा गोलकीपर हुबा ऱ्हायला पायजे, म्हणाले. मी म्हटलं, तिरका आकडा पळवतोय, हुबा करत न्हाई. तर म्हणाले, तुमची अक्षरं हाईत, जे सांगाल ते करतील." ते थांबले. "घरात इचारा त्यांच्या. तो येक मी मारला तवा ते माझ्या खाटंवर बसून चहा पीत हुते. आणि ह्यानं माझ्याच पत्र्यानं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्या आठवणीत त्यांनी अर्धं सोडलेलं तेवढं एकच.

गणपतरावांनी टेबलावरचा पत्रा उचलला, पुन्हा रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. "उद्या सकाळी आठ. एकटं यायचं."

शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. एकटं म्हणजे एकटं, असं आबा बजावत होते. पण सत्तरीच्या माणसाला चुन्याची बादली, रंग आणि पिशवी घेऊन एकटं पाठवणं मला पटलं नाही. चिंचेच्या पेठेच्या तोंडाशीच आम्हाला अडवलं. अण्णा म्हणाले, "ह्या आमच्या अक्का. रंग सांडला तर लिवून घ्यायला आल्यात." कुणी हसलं नाही, पण सोडलं.

सगळी पेठ बाहेर होती. कट्ट्यावर, गॅलऱ्यांत, जिन्यांवर. निम्म्यांच्या हातात फोन, आमच्याकडे रोखलेले. एवढी माणसं आणि आवाज नाही, हे कोल्हापुरात मी तेव्हाच पाहिलं. कोल्हापूरकर शिव्या देतो तोवर काळजी नसते.

अण्णांनी आधी तसबिरीला हात जोडले. मग चुना मारला. ती ओळ एका हातात झाकेना. दुसऱ्या हातानंतरही 'गेला'ची सावली खालून दिसत होती. तिसऱ्या हाताला गेली. वाळेपर्यंत ते भिंतीच्या कडेला उन्हातच बसून राहिले. सावलीत या, असं कुणी म्हणालं नाही. मी पाण्याची बाटली दिली. तेवढ्यात एक पोरगा गर्दीतून आला, अगदी सहज चालत, आणि जाता जाता रंगाचा डबा लाथेनं उडवला. काळा रंग फरशीवर पसरत माझ्या चपलेपर्यंत आला.

गर्दी आमच्याकडे बघत होती. आता हे काय करतात?

अण्णांनी डबा सरळ केला, आत डोकावून बघितलं. "पुरंल," म्हणाले. मग त्या पोराकडे बघून, "तम्मा, पाय चांगला हाय. पर उजवाच वापरतोस. उद्या डाव्यानं बी मार."

गॅलरीतून एक बाई फिसकन हसली आणि लगेच थांबली. तेवढ्यानं बरंच सैल झालं. थोड्या वेळानं वस्तादांच्या घरातून एक मुलगी स्टुलावर दोन कप चहा ठेवून गेली. अण्णांनी चहा पिऊन कप विसळून परत ठेवला आणि उठले.

मग ते ठोकू लागले. एक पत्रा भिंतीला दाबायचा, बोळ्यानं टपटप, पत्रा सरळ ओढून काढायचा, मागची बाजू फडक्यानं पुसायची, दुसरा पत्रा. कुठंही दोरी धरली नाही, रेघ मारली नाही, आणि ओळ सरळ चालली होती. चिं. चे. ची. फोन धरलेले हात हळूहळू खाली आले. माणसं मागं सरकून बघू लागली, डोळे बारीक करून, जुळतंय का ते. ता झाला आणि अण्णा थांबले.

ते गणपतरावांकडे वळले आणि हात पुढं केला.

गणपतरावांचा हात खिशावर गेला. तिथंच राहिला. मागून कुणीतरी म्हणालं, "द्या न्हवं आता." दुसरा म्हणाला, "काय बी द्यायचं न्हाई. पुरावा हाय तो." गणपतरावांनी एकदा तसबिरीकडे बघितलं.

"हा आमच्याजवळ ऱ्हाणार," ते म्हणाले.

मला वाटलं, आता अण्णा हातानं 'ल' काढतील. त्यांना सहज जमला असता. त्यांनी मान हलवली, भिंतीवर आपला तळहात ठेवून तेवढी जागा मोजली आणि ती सोडून पुढची वेलांटी ठोकली. मग म. दीर्घ वेलांटी त्या मोकळ्या जागेवर वाकून उभी राहिली, खाली काही नसताना.

"ल-ची जागा सोडलीया," बोळा पिशवीत टाकत अण्णा म्हणाले. "वाटंल तवा पत्रा द्या. येऊन भरतो."

गणपतरावांनी तक्रार लावून धरली नाही, म्हणून नावाशिवायच फौजदारांनी बंदोबस्त दिला. रविवारी मॅच झाली. एकही दगड पडला नाही. आम्ही हरलो. जर्सी गरम पाण्यात धुतल्या होत्या, असं अण्णांनी जाहीर केलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला, आणि तो आमच्या आमच्यात. तालमीत प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघायचा. तू तर नव्हेस? आबांनी अण्णांना गोडीत विचारलं, मग चढ्या आवाजात विचारलं, मग शांताक्काला विचारलं. अण्णांचं उत्तर तेच. आणि हळूहळू पिशवी न्यायला येणारी माणसं यायची थांबली. कुणाला वाटायचं, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल. कुणाला वाटायचं, अण्णांकडे गेलो तर चिंचेच्या लोकांच्या डोळ्यावर येऊ. कबनूरवाल्यांनी छापील चिकटपट्टी आणली. लॉजवाल्यानं फ्लेक्स लावला. पिशवी खुंटीला टांगलेली, जागची हलेना. अण्णा दारात बसून गल्लीतून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत. कुणी थांबलं तर अर्धे उठत. माणूस मोबाईल बघायला थांबलेला असायचा.

मी एकदा म्हणाले, "नाव सांगून टाका, अण्णा. सगळं पहिल्यासारखं होईल."

"आणि त्याचं?"

मी खुंटीवरच्या पिशवीची धूळ झटकली.

"पत्र्यातला आतला तुकडा कशावर ऱ्हातोय, अक्का? बोटभर जोडावर. तेवढा मी कापू व्हय?"

दसरा झाल्यावर गणपतराव आमच्या तालमीत आले. एकटेच. अण्णा उंबऱ्यावर होते. गणपतरावांनी रुमाल सोडला, पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. धुऊन, घासून लख्ख केला होता.

"चला अण्णा. भरून टाका. सणाला सगळी भिंत रंगवली, तेवढी ओळ तशीच ठेवलीया."

अण्णांनी पत्रा उजेडात धरून उलटसुलट पाहिला. कडा बोटानं चाचपल्या. मग म्हणाले, "मी न्हाई भरणार."

"आता काय झालं? तुम्हीच म्हणाला हुता, येतो."

"तवा चुकलंच माझं. मला वाटलं, सगळं माझंच हाय. पर हात दुसऱ्याचा हुता न्हवं? तेवढी जागा त्याची. त्यानं भरावी."

"त्यो येणार हाय व्हय आमच्यात?"

"आला तर हात मोडणार का?"

गणपतरावांनी रिकाम्या रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. "न्हाई," शेवटी म्हणाले. "मी हाय तवर न्हाई." आणि जाताना दारातून, "पर भरायला तोच पायजे."

त्याच दिवशी अण्णांनी तालमीच्या आतल्या भिंतीला, माझ्या टेबलाच्या समोरच, एक खिळा ठोकला. त्याला ल-चा पत्रा अडकवला. खाली फळीवर काळ्या रंगाचा छोटा डबा आणि कोरा बोळा. पोरांना एकदाच सांगितलं, मोठ्यानं, कुणाकडेही न बघता, "ज्याचं काम हाय त्यानं न्यावा. ठोकायचा. पुसायचा न्हाई."

आणि मग त्यांनी बसायची पद्धत बदलली. इतकी वर्षं ते उंबऱ्यावर आत तोंड करून बसत, मीटिंगमध्ये नाक खुपसता यावं म्हणून. आता ते बाहेर तोंड करून बसू लागले. खिळ्याकडे पाठ. मलाही खुर्ची फिरवायला लावली. मी म्हणाले, दाराकडे तोंड करून कामं कशी करू, उजेड डोळ्यांवर येतो.

"बघत बसलो तर कोण उचलंल, अक्का?"

माझ्या डोळ्यांपुढं त्यांचं शेवटचं चित्र आहे ते पाठीचंच. डिसेंबरातली संध्याकाळ, दिवेलागणीच्या आधीची. मी निघायच्या तयारीत दारापर्यंत आले होते. अण्णा उंबऱ्यावर, मफलर गुंडाळून. आत कुणीतरी खिळ्याच्या दिशेनं चालत गेलं. पावलं फळीपाशी थांबली. अण्णांची मान ताठ झाली. चष्म्याची सुतळी कानामागं नीट केली, हात गुडघ्यावर ठेवले आणि ते समोरच्या रस्त्याकडे असे बघत राहिले, जणू तिथं मिरवणूक चालली होती. मीही वळले नाही.

पावलं परत फिरली. कॅप्टन होता. फळीवरचा बॉलमध्ये हवा भरायचा पंप घेऊन तो आमच्या मधून बाहेर गेला.

अण्णांचे खांदे खाली आले. "पंप दुसरीकडं ठेवा, अक्का," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभरात ते गेले, झोपेत. त्यांच्या लिंगायत पद्धतीप्रमाणे त्यांना बसवून मातीत ठेवलं. चिंचेकडून गणपतराव आले, वस्तादांच्या घरची माणसं आली, डबा लाथाडणारा पोरगाही आला. आमच्या तालमीतले झाडून सगळे होते. त्या सगळ्यांत ती ओळ मारणाराही असणारच. मी कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

खाकी पिशवी शांताक्कानं तालमीला दिली. आता ती आमच्या दाराबाहेर टांगलेली असते. वही मी ठेवलेली नाही. महिन्यातून एक-दोन माणसं नेतात, आणून टांगतात.

पंप मी दुसरीकडं ठेवला. खुर्ची तशीच दाराकडे तोंड करून आहे. डब्यातल्या रंगावर साय धरते, ती मी काढते. फारच घट्ट झाला तर नवीन आणते, आणि झाकण सैल ठेवते, म्हणजे उघडताना आवाज होत नाही. दर मीटिंगला राहिलेली कामं वाचून दाखवायची असतात. शिडीचा पाय, जाळीची दुरुस्ती, आणि शेवटी ही ओळ. वाचून झालं की मी वर बघत नाही.

चिंचेच्या भिंतीवर ल भरायचा राहिला आहे.